उसाला हमी आहे, मसुराला नाही

आमच्या दूधगंगाकाठच्या रानात ओढ्याच्या बाजूला पंधरा गुंठ्यांचा एक तुकडा आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात त्यावर पांढरा थर चढतो आणि अनवाणी चाललं की टाचेखाली कुरकुरतो. माझे चुलते, तात्या, म्हणतात, ‘मीठ फुटलंय.’ ते शाळकरी पोर होते तेव्हा याच तुकड्यात तंबाखू आणि शाळू निघायचा. वाटणीच्या वेळी आजोबा या पंधरा गुंठ्यांसाठी अडून बसले होते, इतकी ती माती कसदार. आता तिथं उसाचा कोंब वर येतो, दोन-तीन पानं टाकतो आणि पिवळा पडतो. सहा वर्षं झाली, तो तुकडा पडीक आहे.

हे कुणी केलं? आम्हीच केलं. पाणी आम्ही सोडलं, युरिया आम्ही फेकला, उसाचं पाचट, म्हणजे वाळकी पानं, आम्ही पेटवलं. ते मी नाकारत नाही. पण शेतीमुळे होणाऱ्या हानीची चर्चा हल्ली एवढ्यावर येऊन थांबते आणि लगेच शेतकऱ्याला उपदेश सुरू होतो: सेंद्रिय करा, रासायनिक सोडा, देशी गाय पाळा. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीपासून कागवाड-अथणीपर्यंतच्या पट्ट्यात मी वाढलो, आणि माझं ठाम मत असं झालं आहे की इथली माती आणि नदी अडाणीपणामुळे बिघडलेली नाही. इथं एकाच पिकाला खात्रीचं गिऱ्हाईक आहे आणि नेमकं तेच पीक सगळ्यात जास्त पाणी पितं. हा व्यवहार जसा आहे तसा ठेवून शेतकऱ्याला कितीही शहाणपण शिकवलं तरी रान सुधारणार नाही.

ऊस इथं कसा आला ते आधी सांगायला हवं. निपाणी भागाची ओळख तंबाखूची. व्यापारी सांगेल तो दर, तो म्हणेल तेव्हा पैसे, अशी तेव्हाची रीत होती. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठिय्या दिला आणि पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी गेले. भावासाठी माणसं मेली, ही आठवण इथल्या घराघरांत आहे. त्यानंतर नदीवर पाणी योजना झाल्या, काळम्मावाडीच्या धरणामुळे दूधगंगेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागलं, कारखाने जवळ आले. उसाला केंद्राने ठरवलेला दर होता. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणं कारखान्यावर बंधनकारक झालं. बिलं थकतात, वजनकाट्यावरून भांडणं होतात, आंदोलनं दर हंगामाला होतात, हे सगळं खरं. तरीही २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा आकडा गाळप सुरू होण्याआधी शेतकऱ्याला माहीत होता. दुसऱ्या कुठल्या पिकाचा आकडा असा छातीठोकपणे सांगता येतो? तंबाखूतनं पोळलेल्या माणसाने ऊस धरला यात मला काही चूक दिसत नाही. आज बेळगाव जिल्हा ऊस पिकवण्यात कर्नाटकात पहिला आहे.

आता त्याची किंमत. उसाला वर्षभरात साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. एकराचा हिशेब केला तर ऐंशी लाख लिटर. चिकोडी-अथणीकडचा पाऊस याच्या निम्म्यालाही पोचत नाही. उरलेलं नदीतून उपसायचं. सरीनं पाणी सोडलं की गरजेपेक्षा जास्तच जातं, कारण योजनेची पाणीपट्टी एकरावर असते, लिटरवर नाही. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, आणि थ्री-फेज वीज बऱ्याचदा रात्रीची. रात्री दोनला उठून बारं मोडायला, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायला, जाणारा माणूस विंचूकाट्यात किती वेळ उभा राहील? तो पाणी सोडतो आणि सकाळी येऊन बघतो. तोवर वाफा तुडुंब भरलेला असतो. यात आळस नाही. फुकटची पण रात्रीची वीज दिली की पाणी असंच वापरलं जाणार.

आमची माती काळी, चिकण. पाणी तिच्यातून खाली लवकर उतरत नाही. वर्षानुवर्षं जादा पाणी दिलं की जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर येते. उन्हाळ्यात वरचं पाणी वाफ होऊन जातं, खालचं केसासारख्या छिद्रांतून वर ओढलं जातं आणि सोबत आणलेलं मीठ पृष्ठभागावर सोडतं. त्यात सोडियम वाढलं की मातीचे कण एकमेकांना सोडून देतात. रान ओलं असताना लोण्यासारखं आणि वाळल्यावर दगडासारखं होतं. त्यालाच आपण चोपण म्हणतो. एकदा चोपण झालेली माती नुसतं शेणखत घालून परत येत नाही. जिप्सम लागतं, आणि त्याआधी पाण्याला बाहेर पडायची वाट लागते. ही वाट हाच खरा मुद्दा आहे. त्याकडे पुढे येतो.

युरियाचं गणितही असंच आहे. आमच्या भागात उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी १०० किलो, म्हणजे ४५ किलोची पाच पोती युरिया झाला. आम्ही सात-आठ टाकत होतो, शिवाय डीएपी वेगळा. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. युरियाचं पोतं २६६ रुपयांना मिळतं. २०१० पासून स्फुरद आणि पालाशाच्या खतांचं अनुदान ठरावीक झालं आणि त्यांचे दर बाजारावर सोडले. युरिया तेवढा जुन्या नियंत्रणात राहिला. मग स्वस्त ते जास्त पडणार. त्या युरियातला निम्म्याहून जास्त नत्र उसाला मिळत नाही. काही हवेत उडतो, काही नायट्रेट होऊन विहिरीत आणि नदीत उतरतो, आणि पाणी साचलेल्या रानात त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड वायू होतो. तापमानवाढीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जबर. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको असं भारतीय मानक सांगतं. दूधगंगेवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो तो आमच्या खतावर आणि गावांच्या सांडपाण्यावर पोसलेला असतो.

आणि पाचट. तोडणी झाली की एकरात तीन-चार टन पाचट पडतं. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र असतं, पालाश त्याहून जास्त, आणि मातीला हवा असलेला कर्ब तर भरपूर. आपण काडी लावतो. दहा मिनिटांत धूर गावावर येतो, नत्र बहुतेक सगळं उडून जातं आणि चार दिवसांनी आपण दुकानातून युरिया आणतो. माझ्या मते या पट्ट्यातली ही सगळ्यात वाया जाणारी आणि सगळ्यात आधी थांबवता येणारी गोष्ट आहे. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचट सरीत दाबून ठेवलं, बुडखे जमिनीसरशी छाटले तर पाण्याच्या दोन-तीन पाळ्या वाचतात, तण कमी येतं, तणनाशकाचा एक हात वाचतो. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी बिननांगरटीची शेती आणि मातीतल्या जिवाणूंचा विचार मराठीतून शेतकऱ्यांपुढे मांडला आहे. म्हणजे माहिती दूरची नाही, घाटाच्या पलीकडचीही नाही, शेजारच्या जिल्ह्यातली आहे.

मग लोक पेटवतात का? मी आमच्याच गल्लीत विचारलं. पाचटात पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, शेजारच्याने त्याचं पेटवलं तर आग आपल्याकडे येते, बुडखे छाटायला बायका मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. एकही कारण खोटं नाही. पाचट कुट्टी करणारं यंत्र ट्रॅक्टरला जोडता येतं, पण पाच एकरवाल्याने ते स्वतः घ्यायचं म्हटलं तर कर्ज काढावं लागेल. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना उसाच्या बिलातून कापून घेतोच. मग तोडणीची टोळी जिथे संपते तिथेच कारखान्याचं काम संपलं असं का मानायचं? टोळीमागे कुट्टीचं यंत्र आलं पाहिजे आणि न जाळलेल्या खोडव्याला टनामागे काही जादा मिळालं पाहिजे. कारखान्याला पुढची वीस वर्षं याच रानातून ऊस हवा आहे. रान मेलं तर गाळणार काय?

आता निचऱ्याची वाट. कृष्णाकाठच्या उगार बुद्रुकला कर्नालच्या केंद्रीय मृद लवणता संस्थेच्या तंत्राने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणथळ रानांचा निचरा करण्याचं मोठं काम झालं. नदीच्या पलीकडे शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याने, गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने, क्षारपड रानं असणाऱ्या शेतकऱ्यांना गावागावांत एकत्र बसवून हेच केलं. साधारण चार फूट खोल जाळीने गुंडाळलेला भोकांचा पाइप, तो मोठ्या पाइपला जोडायचा आणि मोठा पाइप ओढ्यापर्यंत न्यायचा. पावसाच्या पाण्याबरोबर मीठ धुऊन खाली जातं आणि पाइपवाटे निघून जातं. तंत्र अवघड नाही. अवघड आहे ते एवढंच की हे काम एकट्याला करता येत नाही. माझ्या रानातलं पाणी ओढ्याला जायचं तर ते मधल्या चार जणांच्या रानाखालून जाणार. त्यातला एक जरी नाही म्हणाला तरी सगळं अडलं. रस्ता किंवा पाट जसा सरकारी किंवा सहकारी काम म्हणून होतो, तसाच निचरा व्हायला हवा. पाणी आणून देणाऱ्या योजनांना कर्ज मिळालं, अनुदान मिळालं, उद्घाटनं झाली. तेच पाणी बाहेर काढायची जबाबदारी मात्र पंधरा गुंठेवाल्यावर सोडली.

निचऱ्यातही एक अडचण आहे, ती लपवायला नको. धुऊन निघालेलं मीठ आणि नायट्रेट शेवटी नदीलाच जातं. पंचगंगा इचलकरंजीकडची घाण घेऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, पुढे आमची दूधगंगा येऊन मिळते आणि हे सगळं हिप्परगीकडे, आलमट्टीकडे जातं. वरच्या गावाने सोडलेलं खालचं गाव पितं. सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी नदीला वेगळं ठेवता येत नाही. म्हणून निचऱ्याबरोबर पाणी आणि युरिया कमी करणं आलंच. नुसता पाइप टाकून आपली घाण पुढे ढकलण्यात अर्थ नाही. ठिबकने पाणी तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाचतं आणि खत थेंबाथेंबाने मुळाशी जातं. दिवसा वीज आणि ठिबक या दोन गोष्टी एकत्र आल्या तर अर्धं चोपण मुळात होणारच नाही.

माझी सासुरवाडी बेळगावजवळच्या येळ्ळूरची. तिथलं शिवार बघितलं की मला नेहमी वाटतं, ‘शाश्वत शेती’ हा शब्द आपण फार लांबून आणला. मे महिन्यात कोरड्या रानात कुरीने, म्हणजे पाभरीने, भात पेरायचं, त्याला धूळवाफ पेरणी म्हणतात. चिखल करून, पाणी साठवून रोप लावायचं नाही. पावसावर भात येतं. पाणी तुंबलेल्या भातरानातून मिथेन निघतो तसा इथं सुरुवातीचे महिने निघत नाही. भात कापलं की त्याच ओलीवर मसूर. एक पाणी द्यायचं नाही, पोतंभर खत टाकायचं नाही. मसुराच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात आणि पुढच्या भाताला तो मिळतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ या शिवारांत पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. बेळगावच्या लग्नाच्या पंगतीतली मसुराची आमटी याच रानातून आली. पर्यावरणाच्या पुस्तकात लिहायची ती फेरपालट इथं कुणी न शिकवता होत होती.

आणि आज ही शिवारं कशी आहेत? शहर वाढलं तसं त्याचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून भातात घुसू लागलं. नाला गाळाने भरला की पावसाळ्यात उभं पीक पाण्याखाली जातं. रस्ते आणि प्लॉट शिवारात घुसले. जिथं शेतीने पर्यावरणाला काही त्रास दिला नाही तिथं शहराने शेती बुडवली. त्यातून जे वाचलं ते बाजारात मार खातं. मसुराचा हमीभाव दिल्लीत जाहीर होतो, २०२६-२७ च्या हंगामासाठी क्विंटलला ७,००० रुपये. पण हमीभाव जाहीर होणं आणि त्या भावाने कुणी पोतं उचलणं यात फरक आहे. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी हमीभावाने मसूर घातल्याचं मला आठवत नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियाची मसूर बंदरात उतरली की इथल्या दलालाचा दर खाली येतो. उसाच्या मागे कायदा उभा आहे, चौदा दिवसांची मुदत आहे. मसूर, शाळू, हरभरा, भुईमूग यांच्यामागे फक्त छापील आकडा.

दूधगंगाकाठच्या माणसाला फेरपालट सांगणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं. दर तीन वर्षांनी उसाखालून रान काढून एक हंगाम हरभरा किंवा सोयाबीन, मध्ये ताग-धैंचा हे हिरवळीचं खत गाडायचं, एवढं केलं तरी माती श्वास घेईल. पण त्या एका हंगामाचा तोटा कोण सोसणार? सरकारने त्या हंगामातली डाळ हमीभावाने गावातच उचलावी. रेशनवर आणि शाळेच्या दुपारच्या जेवणात डाळ लागतेच. ती आपल्याच जिल्ह्यातली का नको? इथेनॉलला आपण हरित इंधन म्हणतो, त्यासाठी कारखान्यांना सवलती देतो. पेट्रोलमध्ये मिसळायच्या थेंबासाठी ऐंशी लाख लिटर पाणी पिणाऱ्या पिकाला आणखी बळ द्यायचं आणि मसुराला वाऱ्यावर सोडायचं, हे मला पटत नाही.

एका रात्रीत सगळं सेंद्रिय करा म्हणणाऱ्यांना मी श्रीलंकेची आठवण देतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात बंद केली. नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला, तरी त्या हंगामाचं भाताचं पीक कोसळलंच. दगा मातीने दिला नव्हता. सरकारने तिला वेळच दिला नव्हता. आठ पोत्यांवरून पाच, पाचवरून चार, असं पाचट आणि हिरवळीच्या खताच्या जोडीने उतरायला तीन-चार वर्षं लागतात. आम्ही आठवरून साडेपाचवर आलोय आणि टनेज पडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सीमाभागाबाहेरच्या वाचकाला कदाचित क्षुल्लक वाटेल. २०१५ पासून माती परीक्षणाची पत्रिका मिळते, बारा घटकांची. तात्यांनाही मिळाली होती. ती कन्नडमध्ये होती. तात्यांची शाळा मराठी, कन्नड बोलतात झकास, पण वाचता येत नाही. त्यांनी ती उताऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवली. तीन वर्षांनी मी सुट्टीला गेलो तेव्हा वाचून दाखवली. त्या ओढ्याकाठच्या तुकड्यात क्षार वाढल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्या तीन वर्षांत आम्ही तिथं दोन खोडवे घेतले होते, नेहमीसारखं पाणी आणि नेहमीसारखा युरिया देऊन.

भाषेच्या हक्काचा प्रश्न आपण नेहमी पाट्यांवर आणि शाळांवर मांडतो, आणि तो मांडायलाच हवा. पण कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातला फलक, औषधाच्या बाटलीवरची मात्रा, मातीची पत्रिका, हे कळलं नाही तर रान जातं. ज्या गावांत मराठी माणसं मोठ्या संख्येने आहेत तिथं ही पत्रिका दोन्ही भाषांत छापायला असा किती खर्च येणार? यात कन्नड शेतकऱ्याच्या तोंडचं काही काढून घ्यायचं नाही. सदलग्याच्या पलीकडे त्याचंही रान तसंच पांढरं पडलंय, आणि निचऱ्याच्या पाइपसाठी त्याला आणि आम्हाला एकाच बांधावर बसावं लागणार आहे.

आमच्या ओढ्याकाठच्या चौघांनी तसं बसून ठरवलंय. चर कुठून न्यायचा याची दोरी धरून झाली, खर्चाची वाटणीही गुंठ्यांवर ठरली. वाट अडली आहे ती पाचव्या रानाशी, ते कन्नड घर आहे, आणि त्यांचा ऊस अजून उभा आहे. मागच्या आठवड्यात तात्या त्यांच्याकडे जाऊन आले. जानेवारीत तोड येईल, पाचट पेटवत नाही, रान मोकळं झालं की चर मारा, असं त्यांनी सांगितलंय.